रसातली माशी

“आधी लेणी, मग धरणाच्या कडेने बागेत, आणि मग...” मी थांबले.

“मग काय, ताई?” मैनूने विचारलं.

“मग वाइन.”

धर्मशाळेच्या फाटकात उभ्या असलेल्या आत्याने दोन्ही कानांवर हात ठेवले. “बाई बाई. आठ दिवसांवर दीक्षा आलीय पोरीची, आणि तू तिला दारूच्या कारखान्यात न्यायलीस?”

“कारखान्यात नाही आत्या, माझ्या घरी. कारखाना घराशेजारी आहे, त्याला मी काय करू?”

“दुपारच्या आत आणून सोड. तिचं सगळं वेळेवर असतं.”

“आमची सहल अर्ध्या दिवसाचीच असते,” मी म्हटलं. “माणूस जिथून उचलला तिथेच परत आणून ठेवतो.”

हे मी अगदी सरळ चेहऱ्याने बोलले. खरं तर त्या दिवशी उचललेलं माणूस परत आणून ठेवायचा माझा अजिबात विचार नव्हता.

सहल हे माझं रोजचं काम. नाशिकजवळ दिंडोरी रोडला माझ्या नवऱ्याची, शिरीषची, द्राक्षबाग आणि बागेला लागून छोटी वायनरी. मुंबई-पुण्याचे पाहुणे यायचे. सकाळी त्यांना म्हसरूळच्या डोंगरातली गजपंथाची लेणी दाखवायची, मग धरणावरचे पक्षी, मग द्राक्षबागेत फेरी आणि शेवटी आमच्या टेस्टिंग रूममध्ये चार प्रकारच्या वाइन. माझी बडबड इतकी पाठ होती की झोपेतसुद्धा पाहुण्यांना फिरवून आणलं असतं. त्या दिवशी मात्र पाहुणी एकच होती आणि ती माझी धाकटी बहीण होती.

आम्ही जिंतूरचे जैन. आप्पांचं कापडाचं दुकान. मैनूच्या जन्मानंतर आईने जे अंथरूण धरलं ते कितीतरी वर्षं सोडलं नाही, त्यामुळे वाटी-चमच्याने दूध पाजण्यापासून वेण्या घालण्यापर्यंत मैनूचं सगळं मीच केलं. दुकानात आप्पा तिच्यापुढे छिटाचे तागे उलगडायचे आणि विचारायचे, यातला कुठला फ्रॉक शिवू? ती बोट माझ्याकडे करून म्हणायची, “ताई ठरवेल.” आप्पा कपाळावर हात मारायचे. पुढे शाळेच्या दप्तरापासून कॉलेजच्या विषयांपर्यंत तिचं हेच. मी नाशिकला शिकायला आले आणि शिरीषशी लग्न केलं, तेव्हा आप्पांनी माझं नाव टाकलं. मुलगा मराठा, हा एक गुन्हा. त्याच्या द्राक्षांची दारू होते, हा त्याहून मोठा. आप्पा गेले ते माझ्याशी न बोलताच गेले. मैनू मात्र दुकानाच्या फोनवरून गुपचूप बोलायची. ते फोनही हळूहळू कमी झाले, कारण ती माताजींच्या संघाबरोबर राहायला लागली होती.

आणि आता ती स्वतःच माताजी होणार होती. आर्यिका, म्हणजे जैन साध्वी. एक पांढरी साडी, मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू, एवढाच संसार. दिवसातून एकदा ओंजळीत पडेल तेवढं अन्न. डोक्यावरचे केस हाताने उपटायचे. गाडीत बसायचं नाही, जन्मभर पायी चालायचं. आई नाही, बहीण नाही. पुन्हा कुणी मला ताई म्हणणार नव्हतं.

दीक्षेआधी घरातल्या प्रत्येकाची क्षमा मागायची आणि अनुमती घ्यायची, असा आमच्यात रिवाज. दीक्षा देणाऱ्या महाराजांनी तिला विचारलं होतं, “मोठ्या बहिणीची घेतली का?” आत्या म्हणाली, “ती आता घरातली कुठं राहिली?” मैनू म्हणाली, “तिनंच वाढवलंय मला.” म्हणून ती आली होती.

मला नाही म्हणायचं होतं. पण माझ्या नुसत्या नाहीला किंमत नव्हती, हे मी ओळखून होते. आई नाही म्हणाली तेव्हा मैनू अन्नपाणी सोडून बसली. तिसऱ्या दिवशी आईने हात टेकले. तशी ती माझ्यासमोर बसली असती तर मी तिसऱ्या तासाला टेकले असते. म्हणून मी अट घातली, “अनुमती नंतर. आधी अर्धा दिवस माझ्याबरोबर हिंड.”

माझा डाव साधा होता. ती जे सोडायला निघाली होती ते मी तिला एकदा हाताला धरून दाखवणार होते.

लेण्यांच्या पायऱ्या ती अनवाणी चढत होती. आजूबाजूला बघायचं सोडून मान खाली घालून पायाखाली बघत होती. मुंग्यांची रांग दिसली की लांब टांग टाकायची आणि मलाही हाताने थांबवायची. मी धापा टाकत माझी रोजची टकळी चालवली होती. तो बघ रामशेज, तिकडे गोदावरी, ही झाडं पळसाची, आत्ता फुललीत, आठ दिवसांनी आलीस तर एक फूल दिसणार नाही.

“आठ दिवसांनी मी इथं नसणार,” ती म्हणाली.

लेण्यात सकाळचा गारवा होता. दर्शन झाल्यावर आम्ही ओट्यावर बसलो. तिचे केस सुटले होते. तिच्या केसांना जिंतुरात तोड नव्हती. मी पर्समधून फणी काढली आणि न विचारता तिच्या मागे बसले. तिने मान मागे टाकली, अगदी पूर्वीसारखी.

“दुखतं का गं ते?” मी विचारलं. “केस उपटतात तेव्हा?”

तिने गुडघे पोटाशी ओढून घेतले.

“भीती वाटते,” ती म्हणाली. “आईला नको सांगू. आत्याला तर मुळीच नको. सगळे म्हणायलेत, मैनूचा निश्चय बघा. रात्री मला झोप येत नाही, ताई.”

माझा फणीचा हात थांबला. काळजात लख्ख उजेड पडला. “मग नको ना जाऊ.”

“भीती वाटते म्हणून नको, असं कुठं असतं? तू घर सोडून निघालीस तेव्हा तुला नव्हती वाटली?”

“फार वाटली होती.”

“तरी गेलीस ना?”

“मी माणसाकडे गेले, मैनू. तू कुणाकडे चाललीस?”

“मला हाव फार आहे,” ती म्हणाली. “तुला ठाऊक आहे. सणाला घरात पुरण शिजायचं तेव्हा मी शाळेतून धावत यायचे. अजून तसंच आहे. नाक आणि जीभ सारखी काहीतरी मागत असतात. माताजींच्या जवळ बसले की सगळं गप्प होतं. तेवढं बरं वाटतं.”

“चांगलंचुंगलं आवडणं हा काय रोग आहे? आमच्याकडे लोक पैसे देऊन ते शिकायला येतात.”

ती हसली. पण मी वेणी घालून रबर लावला, तेव्हा तिने ती पुढे ओढून घेतली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली. पायऱ्या उतरेपर्यंत सोडली नाही. मी मनात म्हटलं, अजून काही बिघडलेलं नाही. दोरी माझ्या हातात आहे.

खाली शिरीष गाडीत बसून होता. तो मुळात कमी बोलणारा. मैनूने दार ओढून घेतलं, तसं तो म्हणाला, “पट्टा लावून घ्या, मैनाताई.”

“शेवटचाच,” ती म्हणाली. “यानंतर गाडी नाही.”

शिरीषने आरशात माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

धरणाच्या काठी पाणी मागे हटलं होतं आणि गाळात बगळे, शराटी उभे होते. तिथे मैनू जरा मोकळी झाली. तिने ओंजळीत माती घेऊन वास घेतला. मग बागेत शिरलो. द्राक्षतोड चालू होती. बाया कात्र्या घेऊन ओळींतून बसल्या होत्या. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी गुलाबाचं एकेक झाड बघून ती थांबली.

“इथं गुलाब कशाला?”

“रोग आधी गुलाबावर येतो. गुलाबाच्या पानावर भुरी दिसली की समजायचं, आता द्राक्षावर येणार. मग औषध मारायचं.”

“म्हणजे दुसऱ्यासाठी आजारी पडायचं,” ती म्हणाली आणि एका फुलावरून बोट फिरवलं. तोडलं नाही.

मी खाण्याच्या द्राक्षांचा घड तोडून तिच्यापुढे धरला. तिने एक मणी काढून तोंडात टाकला आणि डोळे मिटले. आंबा तिने सोडला होता. गूळ, दही, तूप, एकेक करून सगळं सोडत आणलं होतं. द्राक्षं राहिली होती.

“का राहिली?” मी विचारलं.

“तुझ्यामुळं. तू पाठवायचीस ना आईच्या नावानं पेटी. कोण पाठवतंय ते आप्पांना कळायचं. खायचे नाहीत, पण परतही करायचे नाहीत. मीच संपवायचे.”

हे मला माहीत नव्हतं. मी घड शिरीषच्या हातात कोंबला आणि पुढे चालायला लागले, कारण बायांसमोर मला रडायचं नव्हतं.

टेस्टिंग रूममध्ये त्या दिवशी दुसरं कुणी नव्हतं. मैनू दारातच थबकली. मी म्हटलं, “प्यायला कोण सांगतंय? नुसता वास घे. वासाचं तर व्रत नाही ना?”

“नाही,” ती म्हणाली. “पण घ्यायचा कशाला?”

“माझ्या कामाची जागा आहे. एवढ्या वर्षांत माझ्या माहेरचं कुणी ती बघितली नाही.”

मग ती आत आली. मी उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन काढली, फिकट मधासारख्या रंगाची, आणि रोज पाहुण्यांना शिकवते तसं तिला शिकवलं. पेला दांडीला धरायचा. हळू फिरवायचा, म्हणजे वास वर येतो. मग नाक आत घालायचं, घाई करायची नाही, आणि काय आठवतं ते सांगायचं. चूक-बरोबर काही नसतं.

तिने पेला फिरवला. आधी हातभर लांबूनच हुंगला. मग जवळ आणला. तिचा चेहरा बदलला.

“पेरू,” ती म्हणाली. “पिकून खाली पडलेला. आपल्या आडाजवळच्या झाडाचा.”

“अजून?”

“मध. आणि... थांब.” तिने पुन्हा फिरवला. “दुकानात नवा ताग्यांचा गठ्ठा फोडल्यावर यायचा तो वास. आप्पा सुतळी कापायचे तेव्हा.”

दारात उभा असलेला शिरीष आत आला. एवढी वर्षं तो ती वाइन करत होता. त्याने दुसरा पेला भरून नाकाशी धरला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. “च्यायला,” तो म्हणाला, “आहे खरं. कोरं कापड.” मग जीभ चावून म्हणाला, “माफ करा, मैनाताई.”

मैनू हसत होती. गाल लाल झाले होते. कित्येक वर्षांत मी तिला अशी बघितली नव्हती. मला वाटलं, जिंकले. जिला एका पेल्यात सगळं घर सापडतं ती पोरगी घर सोडून जाईलच कशी?

तिने पेला खाली ठेवला, जपून, दोन्ही हातांनी. डोळे पुसले आणि म्हणाली, “बघितलंस ना, ताई? कसं ओढून नेतं ते. आता दे अनुमती. उशीर व्हायला लागला.”

असा माझा डाव माझ्यावरच उलटला. मी जगातलं उत्तम ते तिच्यापुढे ठेवलं, आणि तेच तिला जायचं कारण झालं. माझ्याजवळ आता दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं. लेणी झाली, धरण झालं, बाग झाली. सहल संपली होती.

“तुझ्यापुढं मी उपवास धरून बसणार नाही,” ती म्हणाली. “आईपुढं बसले ते बरोबर नव्हतं. तू नाही म्हणालीस तर...”

“तर?”

ती वेणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी पुढे विचारलं नाही, कारण तेवढ्यात माझ्या डोक्यात भलतंच आलं होतं.

“माझ्या हातचं काहीतरी खाऊन जा,” मी म्हटलं. “मग देते.”

“तुझ्याकडचं पाणी मला चालत नाही, ताई.”

“पाणी नाही. द्राक्षाचा रस. अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून, तुझ्यासमोर काढते. तुझ्यासमोर कपड्यातून गाळते.”

तिने थोडा विचार केला. “तुझ्या हातचं शेवटचं,” ती म्हणाली. “बरं.”

मी अंघोळ केली. ओल्या केसांनीच स्वयंपाकघरात आले. ती पाटावर बसून बघत होती. मी एकेक मणी निवडून हाताने कुस्करला, नव्या मलमलच्या फडक्यातून गाळला. स्टीलच्या पेल्यात रस जमला, फिकट हिरवा-पिवळा. मग ती हात धुवायला आणि णमोकार मंत्र म्हणायला परसात गेली. जाताना स्वतःजवळच्या गाळलेल्या पाण्याचा डबा घेऊन गेली.

फळीवर बाटली होती. टेस्टिंग रूममधून येताना मीच पदराखाली घेऊन आले होते.

व्रत मोडलं की दीक्षा नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. नकळत मोडलं तरी प्रायश्चित्त घ्यावं लागतं, आणि दारूने मोडलेल्या व्रताचं प्रायश्चित्त लहान नसतं. महाराजांनी सहा महिने, वर्षभर थांबवलं असतं. वर्षभरात भीती वाढली असती, केस वाढले असते. मला तेवढं पुरे होतं. नंतर मी तिला खरं सांगितलं असतं आणि तिने मला जन्मभर शिव्या दिल्या असत्या, तर त्याही मी आनंदाने ऐकल्या असत्या. शिव्या द्यायला का होईना, ती माझ्या घरात असती. काही म्हणजे काही वाटलं नाही मला. आजही वाटत नाही. रोजच्यासारखाच न सांडता हात वाकडा केला, चार घोट ओतले आणि बाटली तांदळाच्या डब्यामागे ठेवली. रंगात काडीचा फरक पडला नव्हता.

मैनू आली. पूर्वेकडे तोंड करून पाटावर बसली. मी तिच्या हातात पेला दिला.

तिने तो दोन्ही हातांनी धरला. एकदा हळूच फिरवला आणि चेहऱ्याजवळ नेला. तिथेच थांबली. डोळे मिटलेले होते. मला वाटलं, मंत्र म्हणतेय. परसातल्या नळाचं पाणी बादलीत थेंब थेंब पडत होतं, ते मला ऐकू येत होतं.

तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं.

“घेऊ, ताई?” तिने विचारलं.

“घे,” मी म्हटलं.

तिने पेला ओठांना लावला आणि मान मागे टाकली. मला तिचा गळा दिसला. तो तोच गळा होता. वाटीतलं दूध चमच्याने घालताना मी ज्याच्याकडे बघत बसायचे, गिळलं की नाही, ठसका तर लागणार नाही. कडू औषध असो, काढा असो, माझ्या हातचं ते पोर डोळे झाकून गिळायचं. कधी विचारलं नाही, ताई, यात काय आहे?

माझा हात कधी उठला ते मला कळलं नाही. पेला उडून भिंतीवर आपटला. रस तिच्या पांढऱ्या साडीवर, पाटावर, फरशीवर सगळीकडे सांडला.

“का?” मैनू म्हणाली. अगदी लहान आवाजात. “का गं, ताई?”

“माशी,” मी म्हटलं. “रसात माशी होती.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी भरून आलं आणि गालावरून ओघळायला लागलं. मला वाटलं, माशी गिळली असती म्हणून हादरली. मुंगीसाठी पाय उचलून टाकणारी पोर ती. मग ती उठली, माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि गुडघ्यांवर बसून फरशी पुसायला लागली.

“राहू दे, मी पुसते.”

“मुंग्या येतील,” ती म्हणाली. “चिकटून मरतील.”

तिने सगळी फरशी पुसली. पाटाखाली, भिंतीच्या कडेने, कोपऱ्यात. एवढा वेळ कशाला लावतेय ते मला कळेना. रडणं थांबत नव्हतं. मी तिच्याजवळ खाली बसले. माझी सगळी ताकद संपली होती. जे मला करता आलं नाही ते मला यापुढेही करता येणार नव्हतं, आणि दुसरा उपाय माझ्याजवळ नव्हता.

“जा,” मी म्हटलं. “माझी अनुमती आहे.”

तिने फडकं पिळून बाजूला ठेवलं. माझ्या पायांवर डोकं टेकवलं आणि म्हणाली, “माझं काही चुकलं असेल तर क्षमा कर, ताई.” मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. केस उन्हाने अजून गरम होते.

दुपारच्या आत शिरीषने तिला धर्मशाळेत नेऊन सोडलं. मी गेले नाही. फाटकात आत्याने तिला आधी हुंगून बघितलं आणि मगच आत घेतलं, असं शिरीषने परत येऊन सांगितलं. मला हसू आलं आणि मग किती तरी दिवस आलं नाही. दीक्षेलाही मी गेले नाही. केस उपटताना तिने हूं की चूं केलं नाही, हे आईने फोनवर सांगितलं. आई अभिमानाने सांगत होती.

बऱ्याच वर्षांनी त्यांचा संघ चातुर्मासासाठी पायी चालत गजपंथाला आला. त्याच धर्मशाळेत. आता तिला जे नाव आहे ते मी इथे लिहीत नाही. मला ते अजून तोंडात बसत नाही.

मी बायांच्या रांगेत बसले. ती लाकडी फळीवर बसली होती. खूप बारीक झाली होती, टाळूवर करडे खुंट आले होते, पावलं भेगाळून काळी पडली होती. माझी पाळी आली तशी मी हात जोडले आणि ज्या पोरीचं नाक मी पुसलं होतं तिला म्हटलं, “वंदामि, माताजी.”

“ओळींच्या तोंडाशी गुलाब आहेत का अजून?” तिने विचारलं.

“आहेत.”

“द्राक्षं चांगली आलीत यंदा?”

“आलीत. तुमच्यासाठी आणणार होते. इथल्या बायांनी सांगितलं, माताजींना द्राक्षाचा त्याग आहे.”

“त्या दिवसापासून,” ती म्हणाली. मग आवाज न बदलता म्हणाली, “रसात माशी नव्हती.”

मी मान वर केली.

“तुम्हीच शिकवलं होतं ना. आधी फिरवायचा, मग नाक. पेरूचा वास आला. ताज्या रसाला तो येत नाही.”

“मग तोंडाला कशाला लावलास?” माझ्या तोंडून ‘तू’च गेलं. मागच्या बाईने मला कोपर मारलं.

“तुम्ही दिला होता.”

“आणि प्यायली असतीस?”

“हो.”

“कळत असून?”

“कळून-सवरून व्रत मोडल्यावर महाराजांच्या समोर कुठल्या तोंडाने गेले असते? गेलेच नसते. तुमच्याकडे राहिले असते.” हे सगळं ती दुसऱ्याच कुणाची हकीकत सांगावी तसं सांगत होती. “त्या दिवशी फार भीती वाटत होती. पुढे जायची आणि मागे फिरायचीही. वास आला तेव्हा मनात म्हटलं, ताई ठरवेल.”

मला तिचा चेहरा नीट बघायचा होता. माझ्यावर राग आहे की ती माझे उपकार मानते, एवढं तरी त्यावर वाचायचं होतं. पण मागची बाई नारळ घेऊन पुढे सरकली होती आणि मला उठावं लागलं. माताजींनी पिंछी उचलली आणि मला आशीर्वाद दिला. सगळ्यांना देतात तसाच.